बाबांचं लेथ मशीन दोन फेऱ्यांत

प्रिय दादा,

आईला नमस्कार, तुला रागासकट प्रेम. मी ठणठणीत आहे. आई नीट जेवते ना?

"ते लेथ मशीन भंगारात घाल आणि मोकळी हो," म्हणालास. बाबांना जाऊन महिनाही झाला नाही. रिटायर झाल्यावर ते मशीन घरी आणणार होते. आता मी आणते.

काल बाबांच्या वर्कशॉपमधून निघताना ट्रेलरवर मशीन आणि अवजारांची कपाटं एकदमच लादली. उतारावर ट्रेलर डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागला आणि आपल्या छोट्या गाडीलाही हिसके बसू लागले. मी जोरात ब्रेक मारला नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं. वेग उतरला तसा ट्रेलर सरळ झाला. हे आईला सांगू नकोस.

हळूहळू वर्कशॉपला परतले. शेजारचा वेल्डर म्हणाला, "ताई, शेळीला हत्ती बांधलात की!" मग त्यानेच कपाटं उतरवली आणि मशीन ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे सरकवून साखळीने आवळलं, म्हणजे वजन गाडीच्या बाजूला राहून ट्रेलर झुलणार नाही.

बाबा कुठल्याच मशीनवर झेपेल त्याहून जास्त भार टाकत नसत. म्हणून दोन फेऱ्या करणार. रविवारी मशीन, नंतर कपाटं.

घरच्या शेडमधली तुझी मोटारसायकल त्याआधी बाहेर काढ. ती जागा बाबांनी या मशीनसाठी मोजून ठेवली होती.

तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी