शंभर किलोमीटरला पाच लिटर

बायानखोशू, उलानबातर
मंगळवार

प्रिय मरालमा,

बुझच्या डब्यातली वरची पिशवी उचललीस की खाली हे पत्र सापडेल. बुझ साठ आहेत, सगळे मटण भरून वळलेले, गच्चीत दगडासारखे गोठवलेले. लगेच फ्रीजरमध्ये टाक आणि मगच वाचायला बस. फोनवर सांगता आलं असतं, पण मी तुझ्या बाबांचं नाव काढलं की तुझ्या शेगडीवरचं काहीतरी नेमकं तेव्हाच करपायला लागतं. तुम्ही दोघं बोलत नाही याला आता अकरा महिने होतील. दोघांमध्ये मी उभी आहे, आणि मला उभं राहायची सवय आहे म्हणून कोणी विचारत नाही.

पण आधी गाडीचं ऐक. बाबांनी हायब्रिड गाडी घेतली हे तुला कळलं असेलच, अख्ख्या गल्लीला कळलंय. तुला माहीत आहे, तेवीस वर्षं मी ट्रॉलीबसमध्ये तिकिटं फाडली. माणसाच्या तोंडाकडे बघायचीही गरज नसायची, नुसत्या खांद्यांवरून कळायचं की याने तिकीट काढलेलं नाही. तर गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "दुलाम, जीप विकून टाकतो. एक हायब्रिड मागवू या. पेट्रोल वाचेल." मी आधी खांद्यांकडे बघितलं. वर चढलेले होते.

तूच सांग, हा माणूस कधी पेट्रोल वाचवणारा आहे का? तीस वर्षं ती रशियन जीप पोसली. ती किती पिते असं कोणी विचारलं तर म्हणायचे, जनावराला तहान लागली की पाजायचं, मोजायचं नाही. हिवाळ्यात सकाळी तासभर ती फाटकापाशी धुराचे लोट सोडत उभी असायची, आणि हे आत येऊन निवांत दुसरा वाडगा चहा प्यायचे. असा माणूस एकाएकी लिटरची भाषा करायला लागला, की कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळायला नको? मी म्हटलं, "म्हाताऱ्या, खरं काय ते सांग." तर म्हणे, "खरं तेच. शंभर किलोमीटरला पाच लिटर."

गाड्यांच्या बाजारात तो ओचिर म्हणून एक आहे, एका जुन्या कंटेनरमध्ये बसतो आणि जपानमधून लोकांना वापरलेल्या गाड्या मागवून देतो. त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याने संगणकावर पन्नास गाड्या दाखवल्या. सगळ्या धुतलेल्या, सगळ्या एकाच म्हाताऱ्या जपानी बाईने फक्त देवळात जायला वापरलेल्या. मी त्याला म्हटलं, "इतक्या देवळात जाणाऱ्या बाया त्या देशात आहेत तरी का?" तो नुसता हसला. हसणारा विक्रेता मला आवडत नाही. पण बाबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली: "हिचा धूर किती?" ओचिर आदराने म्हणाला, "जिग्मेद-गुआई, पाच लिटरला शंभर किलोमीटर जाते." "ते कळलं रे. धूर दिसतो का तिचा?" मला वाटलं, म्हातारा गोंधळलाय, पेट्रोल विचारायचं तर धूर विचारतोय. तिथे माझी अक्कल कमी पडली, हे कबूल करते.

गाडी यायला दोन महिने लागले. आधी जहाज, मग चीनमधून रेल्वे. सीमेवर ती अडकली तेव्हा मी दर दोन दिवसांनी ओचिरला फोन करून बुडवलंस ना आम्हाला, असं विचारत होते. सप्टेंबरात आली. पांढरी, अंगाने लहान, स्टिअरिंग उजवीकडे, आणि पडद्यावर सगळं जपानीत. मी चारी चाकांवर दूध शिंपडलं, आरशाला शुभशकुनाचा निळा रेशमी खदग बांधला. बाबांनी बटण दाबलं आणि काहीच आवाज झाला नाही. मी ओरडले, "बघ, फसवलं! चालूच होत नाही!" आणि ओरडता ओरडता बघते तर फाटक मागे सरकत होतं. चालू झाली होती, नुसती बोलत नव्हती. न बोलता चालणाऱ्या गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही, मरालमा. माणूस असो की गाडी.

पहिले दोन महिने सगळं ओचिरच्या शब्दाप्रमाणे. रोज संध्याकाळी बाबा बूट काढण्याआधी आकडा सांगायचे: आज चार-आठ, आज पाच-एक. मी ऐकून घ्यायची. आणि नोव्हेंबरात थंडी पडली तसे ते आकडा सांगायचे बंद झाले. फुशारकी मारणारा माणूस फुशारकी थांबवतो तेव्हा त्याच्या खिशात हात घालून बघावं. मी गाडीत डोकं घालून बघितलं. जपानी मला येत नाही, पण आकडे सगळ्यांचे सारखेच. काटा अर्ध्याखाली. आणि पेट्रोल भरून झाले होते फक्त चार दिवस.

आधी मी ओचिरवर घसरले. त्याच्या कंटेनरमध्ये उभी राहून, बाजाराला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, "मेलेली बॅटरी घातलीस ना आमच्या गळ्यात?" तो बिचारा घरी आला, यंत्र लावून तासभर तपासत बसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, गाडी तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे. ती चालून पेट्रोल पीत नाहीये, उभी राहून पितेय. उणे तीसमध्ये हिटर लावून कोणी आत बसलं की इंजिन बंद-चालू, बंद-चालू करत राहतं. तुम्ही किलोमीटर बघताय. तास बघा."

तास! बाबा मला सांगायचे की रोज दुपारी पेन्शनरांच्या क्लबात डॉमिनो खेळायला जातात. क्लब इथून दोन किलोमीटर. मी दुसऱ्या दिवसापासून गाडी निघायच्या आधीचा आणि परत आल्यानंतरचा किलोमीटरचा आकडा हातावर लिहायला लागले. रोज बावीस. ना एकवीस, ना तेवीस. आणि पायाखालच्या गालिच्यावर चिलगोज्यांची टरफलं, ओंजळभर. एवढी टरफलं पडायला माणसाला दोन तास बसावं लागतं. म्हणजे माझा नवरा रोज अकरा किलोमीटर जातो, कुठेतरी दोन तास गाडी गरम ठेवून बसतो, आणि अकरा किलोमीटर परत येऊन डॉमिनोत हरलो म्हणून सांगतो.

तुझ्या आईच्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नको. चिलगोजे विकते कोण? बसथांब्यावरची खांदमा, तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेली, नवा लाल कोट घेतलेली. आणि त्यात एके दिवशी गाडीचा पुढचा कप्पा उघडला तर जॅमची बरणी, वरपर्यंत सोललेल्या चिलगोज्यांनी भरलेली! एकेक दाणा अख्खा, पांढराशुभ्र. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यासाठी एक दाणा सोललेला मला आठवत नाही. आणि खांदमाचे पुढचे दोन दात पडलेत, म्हणजे सोललेले कोणाला लागणार? मी अंगावर कोट चढवला तो उलटाच.

थांब्यावर जाऊन मी तिला सरळ विचारलं. खांदमा इतकी हसली की तिला पेटीवर बसावं लागलं. "दुलाम-ताई, मला चिलगोजे खाऊ घालायला लागले तर माझं दुकान कसं चालायचं? रोज एक ग्लास घेतात. मी म्हटलं, सोलून देऊ का, तर म्हणाले, नको, मला वेळ असतो." मला वेळ असतो! ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी बाई मी बसच्या मागच्या दारातून ओळखते. पण मग कोणासाठी?

गेल्या गुरुवारी मी बहिणीकडे बुझ वळायला जाते असं सांगून निघाले, आणि खांदमाच्या दुकानामागे उभी राहिले. अडीच वाजता पांढरी गाडी गेली. मी मागच्या बसमध्ये चढले. दोन चौकांत गाडी दिसेनाशी झाली, पण मला गाडी कशाला हवी होती? अकरा किलोमीटर म्हणजे किती थांबे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी थांबे मोजत होते. अकरावा किलोमीटर कुठे संपतो हे मला आता कळलं होतं. तेरावा मायक्रो, तुझी वसाहत. तुझा थांबा.

तुझ्या इमारतीमागच्या अंगणात, बालवाडीच्या कुंपणाला लागून गाडी उभी होती. इंजिनवर घरची जुनी गोधडी टाकलेली, तीच जी आधी जीपवर असायची. आत तुझे बाबा. मांडीवर बरणी, दातांत चिलगोजा, आणि डोळे इमारतीच्या तिसऱ्या दारावर, तुझ्या जिन्यावर. मी कचऱ्याच्या पेट्यांमागे उभी राहिले. नाक बधीर झालं, तरी हलले नाही. साडेचारला तू निंजिनला घेऊन बालवाडीतून आलीस. माझ्या नातीने तोंडाला मास्क लावला होता, लाल टोपी होती, आणि ती बर्फावरून मुद्दाम घसरत चालत होती. तू तिचं नाव घेऊन ओरडलीस. आणि तुझे बाबा, तो एवढा मोठा माणूस, सीटमध्ये खाली खाली घसरत गेला, थेट फुकट्या प्रवाशासारखा. तुम्ही आत गेल्यावर वर आले. डोळे पुसले की काच पुसली ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. मी काच न ठोकता परत आले. रात्री म्हणाले, आज डॉमिनोत जिंकलो.

मग मला धुराचं कळलं. गेल्या मार्चमध्ये आमच्याकडे राहिलेल्या निंजिनला न्यूमोनिया झाला, तू दवाखान्यातून तिचे कपडे न्यायला आलीस, आणि फाटकापाशी जीप धूर ओकत उभी होती. तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या जीपचा धूर माझ्या पोरीच्या छातीत भरलाय." ते म्हणाले, "याच धुरात तू वाढलीस. बापाच्या घरचा धूर सोसत नसेल तर येऊ नकोस." दोघांचंही चुकलं, कोणाचं जास्त ते मी ठरवणार नाही. पण तू बूट घालून तरातरा निघालीस आणि उंबऱ्यावर तुझा पाय त्यांच्या बुटाला लागला. ट्रॉलीबसच्या गर्दीत मी रोज बघायची: पायाला पाय लागला की अनोळखी माणसंसुद्धा लगेच हातात हात द्यायची, म्हणजे वैर राहत नाही. दारूडेही चुकत नसत. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत बाप-लेकीने ते केलं नाही.

आता जे सांगते ते तुला माहीत नाही, आणि त्याचसाठी हे सगळं लिहायला बसले. त्यांनी हात पुढे केला होता. तू वळली होतीस, तुझी पाठ होती. तो हात तसाच, दार लागेपर्यंत हवेत होता, मग त्यांनी तो खिशात घातला. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. आज मी ती मोडते. जीप विकली, कारण तुझं बोलणं त्यांना पटलं होतं. पण वर तुझ्या दाराशी येऊन घंटी वाजवणं त्यांच्याच्याने होणार नाही. मोठा माणूस आधी धाकट्याच्या दारात जात नाही, हे त्यांच्या हाडात बसलंय, आणि ते हाड मला तीस वर्षांत वाकवता आलं नाही. शनिवारी आपला सण, त्सागान सार. वैर घेऊन नवं वर्ष चढू नये. तेव्हा गुरुवारी निंजिनला बालवाडीतून घेऊन आलीस की तिसऱ्या दारात शिरू नकोस. सरळ गाडीपाशी जा, काच ठोक. ते सीटखाली लपायला बघतील, लपू देऊ नकोस. उतरले की काही बोलू नकोस, नुसता त्यांच्या बुटावर पाय दे, आणि हात पुढे कर. यावेळी वळू नकोस. मग मला काही माहीत नाही असं समजून दोघांनी मिळून मला काहीतरी थाप मारा, मी विश्वास ठेवल्यासारखं करेन. पेट्रोल वाचावं म्हणून मागवली ना ती गाडी? निदान ते तरी खरं होऊ दे, पोरी.

तुझीच,
संशयी आई