खाली ठेवलेला चाकू

१७ नोव्हें. ७४, रवि.
आसेगावच्या रानातून दुपारी परत. उत्तमचा मिटवायचा चाकू काल गेला. बाभळीचं फाटं चिरायला वरून दांडक्याने ठोकलं तर बिजागरीच तुटली, पातं त्याच्याच बोटावर मिटलं. चिंधी बांधून भागलं. पण मग ढलप्या निघेनात, जाड ओल्या लाकडाचा नुसता धूर. निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे पानगे अर्धे कच्चे, अर्धे कोळसा. उत्तम म्हणे, "आठवडाभर मळ्यात वाकून राह्यतो, अन् शनिवारी इकडं कच्चं खाले येतो. काहून येतो बे मी?" येतो मात्र. वांगी-मेथी लावणारा माळी आणि कचेरीतला कारकून रानात झोपायला जातात, म्हणून मंगरूळात लोक हसतात. हसोत बापडे.
त्याला बिनबिजागरीचा चाकू करवून द्यायचा. ठरलं.

२० नोव्हें.
लोहाराकडे गेलो. म्हटलं लहान हवा, कमरेला लागणारा, न मिटणारा, पोलाद मुठीतून आरपार गेलेलं. "कांदे कापाले का कोनाले भोसकाले?" सांगितलं, रानात मुक्कामाला. खुंट्या तासायच्या, लाकूड चिरायचं. बघतच राहिला. "घर नाही का साहेब तुमाले?" आता याला काय सांगायचं. ट्रकच्या कमानपट्ट्याचा तुकडा पडलाय त्याच्याकडे, त्यातून काढतो म्हणाला. मूठ धावड्याच्या लाकडाची.

२४ नोव्हें., रवि.
चाकू झकास. पातं लाकडावर ठेवून पाठीवर दांडकं हाणलं की सरळ ढलप्या. खुंट्या तासल्या, पळसाच्या मुळीचा वाख काढून त्याच्या दोरीने ताडपत्री ताणली, वांगी चिरली. एवढीशी वस्तू, पण कुऱ्हाडीची आठवणही झाली नाही.
मग काल संध्याकाळी घोळ. चूल पेटली, मी चाकू पुसला, त्याच्यापुढे धरला. म्हटलं, हा तुझा. तो हात पुढे करेना.
"खाली ठेव, मी उचलतो."
डोकंच फिरलं. मला माहीत आहे, धारेची वस्तू हातोहात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. लहानपणापासून ऐकलंय. पण "खाली ठेव" हे शब्द. बाबांनी अर्धं आयुष्य खाली ठेवलेलं उचललं, वरून टाकलेलं झेललं. छप्पन साली दीक्षा घेऊन ते सगळं सोडून आलो आम्ही. म्हटलं, "हातात घे. आमच्यात हे चालत नाही." तो म्हणाला, "अरे चाकूचं बोलून राह्यलो मी." त्याची मूठ उघडून मी आत चाकू ठेवला. घेतला त्याने. म्यानात घातला. जेवून लवकर आडवा झाला. मीही.

३० नोव्हें., शनि.
पिशवी घेऊन मोटार स्टँडवर. उत्तम नाही. आसेगावची मोटार गेली. घरी आलो तर शांता म्हणे, "भांडले काय?" नाही म्हटलं. खरंच नाही भांडलो.

२ डिसें.
कचेरी सुटल्यावर मळ्यावर. तो पाणी देत होता. "पंपाची लाइन सांजच्यालेच येते आता, कसा येऊ?" बरोबर आहे. पण लाइन गेल्या वर्षीही सांजचीच होती. तेव्हा भाऊ पाणी द्यायचा. भाऊ आजारी आहे का, विचारायचं राहिलं.
निघताना वांगी दिली. बांधावर ठेवली, मी उचलली. नेहमी पिशवीत घालायचा ना? की बांधावरच ठेवायचा? इतकी वर्षं कधी पाहिलं नाही, आता आठवून आठवून डोकं दुखतंय. हात चिखलाचे होते त्याचे. हेही खरं.

५ डिसें.
सुपारीसाठी अडकित्ता मागितला. शांताने माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.
"हातात काहून नाही दिला?"
"धारेचा हाये ना. भांडन होते."
"आपण मानत नाही हे."
"मी कुटं मानते? सवय हाये."
घ्या. माझ्याच घरात. आणि तिचा राग आला नाही मला, जरासुद्धा. मग त्याचाच का?

७ डिसें., शनि.
एकटाच जाणार होतो. स्टँडपर्यंत गेलो, परत आलो. चाकूही त्याच्याकडे. तंबाखू नाही, थट्टा नाही, रानात एकट्याने करायचं काय.

१४ डिसें., शनि.
आजही नाही. शांताजवळ सगळं बोललो. ती तांदूळ निवडत म्हणाली, "रानात तुमी एकाच गंजात शिजवून त्यातच जेवता. आपल्या घरी जेवले का कधी ते?" नाही. "अन् तुमी त्याइच्या घरी?" नाही. त्याने बोलावलं नाही, मीही नाही. पाच-सहा वर्षं झाली असतील, हे मनात कसं आलं नाही. की आलं होतं आणि म्हणूनच दोघांना रान आवडायचं? तिला वाटतं त्याच्या घरचे काही बोलले असतील. मला वाटतं मी त्याची मूठ उघडली तेच त्याला लागलं. की चाकूचंच खरं? हातोहात दिला आणि झालं भांडण. हे मी लिहितोय, हसू येतं. फार नाही येत.
मला तो परत हवा आहे. एवढं एक तरी स्पष्ट आहे.

२१ डिसें., शनि.
शनिवारची अर्धी कचेरी. घरी आलो तर दारापुढच्या ओट्यावर चाकू. म्यानासकट, खाली धुतलेलं फडकं.
शांता म्हणाली, "उत्तमभाऊ आले होते. च्या पेले, उभ्यानंच. मी म्हनलं, द्या माझ्याजवळ. तर म्हनले, नाही वहिनी, खाली ठेवतो, तो उचलीन."
"अजून काय म्हणाला?"
"काहीच नाही."
"शनिवारचं?"
"तुमीच इचारा ना जाऊन. मले काय माईत."
परत केला. मन एकदम खचलं. ओट्यावर बसून म्यान न उचलता नुसतं पातं बाहेर ओढलं. त्या दिवशी रानात बाभळीने धारेला खाच पडली होती, ती गेलेली. दगडावर नीट बसून लावलेली धार, मुठीला तेलही. परत करायचा तर धार कशाला लावली? आणि ठेवून घ्यायचा तर आणला कशाला? की आता रीतीने मी उचलायचा, मग त्याच्यासमोर रीतीने खाली ठेवायचा आणि त्याने उचलायचा? आणि मी खाली ठेवला तर बाबांना काय...
शांता म्हणते, झाडायचं आहे, उचला. म्हटलं थांब.
आसेगावची मोटार तासाभरात आहे. पिशवी भरली. पीठ दोघांचं घेतलं. चाकू अजून ओट्यावरच.