मध्येच वाजलेली टाळी

३ फेब्रुवारी

ती. दादा,
सा. न. वि. वि.

वीस तारखेला संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात माझं व्हायोलिनवादन आहे, एकटीचं. तू यावंस असं फार वाटतं. पण अट तीच, खुर्चीला हात लावायचा नाही. मागच्या वेळी मंच उतरता आहे म्हणून तू पूर्ण वेळ माझ्यामागे खुर्ची धरून उभा राहिलास आणि लोकांनी वादन सोडून भावाचंच कौतुक केलं. चाकांना ब्रेक कशाला असतात रे?

बाकी माझं बरं चाललंय. स्वयंपाकाचा ओटा माझ्या उंचीचा करून घेतला, त्यामुळे आता दूध उतू गेलं तर दोष माझाच. फक्त संध्याकाळी घर खायला उठतं. रियाज संपला की कसं झालं ते विचारायचं कुणाला? भिंतींना?

वहिनीस नमस्कार. लोभ असावा, पण जरा लांबून.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वीसला जमेलसं दिसत नाही. कारखान्यात नवं यंत्र बसतंय. खरं सांगू? यंत्र हे निमित्त. तू चढावर चाकं रेटत असताना खिशात हात घालून उभं राहणं मला जमत नाही. तुझी वहिनी म्हणते, यांचे हात बांधूनच पाठवायला हवेत. पहिली खुर्ची आली तेव्हा तू घरभर गरगर फिरायचीस, म्हणून भिंगरी हे नाव मीच ठेवलं. आणि आता मीच आडवा येतो.

रागावू नकोस. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
दादा

२१ फेब्रुवारी

ती. दादा,
सा. न. वि. वि.

काल तू आला होतास. नाही म्हणू नकोस. शेवटच्या रचनेत मी गज उचलून क्षणभर थांबते, तिथे मागच्या रांगेतून एकच टाळी पडली. घरी रियाजाच्या वेळीही तू दर वेळी तिथेच फसायचास. लोक हसले. मला इतका आनंद झाला की पुढचा भाग जरा घाईतच गेला.

मग मी दाराशी थांबले. सभागृह रिकामं झालं, शिपायाने दिवे मालवले, तरी तू आला नाहीस. मला रडू आलं. खुर्चीला हात लावू नकोस म्हटलं, भेटू नकोस असं कुठे म्हटलं होतं?

एकटीच घरी निघाले. चढावर मांडीवरची व्हायोलिनची पेटी सारखी घसरत होती. दोन्ही हात चाकांवर, म्हणून हनुवटीने दाबून धरली. मान अजून अवघडलेलीच आहे.

पुढच्या वेळी थांब. खुर्ची मी चालवीन. तू नुसती पेटी धर, शेजारून चाल आणि कसं झालं ते सांग.

लोभ आता जवळून असावा.

तुझी,
भिंगरी