मधलं शिंग

आतबाशी, १० सप्टेंबर

सबिराताई, धाकटीचा सलाम.

आम्ही मजेत. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस ढवळून ढवळून माझे हात गळून आलेत. ह्यांचा गुडघा दुखतो, पण जेवायला हाक मारली की बरा होतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

बेगिमायचं लग्न ठरलं. पुढच्या महिन्यात. पोरगा भला आहे, बोलत मात्र नाही. आपल्या घरात त्याला बोलू तरी कोण देणार!

आता अंथरायच्या लोकरी नमद्याचं. लेकीला सासरी रिकामी कशी पाठवू? आठवतंय ना, लाल नमद्यावर निळा ठेवून, साबणाने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढून तू दोन्ही एकदम कापलेस. माझ्या लालातल्या भोकांत तुझे निळे तुकडे बसायचे, तुझ्या निळ्यात माझे लाल. मी एवढंच म्हटलं, "ताई, शिंग जाड झालं गं." झालं! सगळं निळं गुंडाळून तू तरातरा नारिनला निघून गेलीस. त्याला दोन वर्षं झाली.

मी नवे निळे तुकडे कापून पाहिले. एक बसेल तर शपथ! शेजारची कुलियपा म्हणाली, "कडेने दोरी शिव, फट झाकेल." शिवली. फट आणखीच डोळ्यांत भरली.

परवा नमदा तारेवर वाळत घातला. भोकांतून डोंगर दिसले, मग ह्यांची टोपी जाताना दिसली. तेव्हापासून मला खूळच लागलंय. दोन घोडे मानेला मान लावून उभे राहिले की मी घोडे सोडून मधली जागा बघत बसते. तीही शिंगासारखीच! त्या नादात दूध उतू गेलं. बेगिमाय म्हणते, "आई, तू भोकं बघत बस, मी सासरी भोकांवर बसते."

जेवताना तुझ्या जागेवर मी कुणाला बसू देत नाही. काल ह्यांनाही उठवलं. फार आठवण येते गं.

गाडीवाल्या एसेनकडे माझे लाल तुकडे देतेय. तुझा नमदा पुरा कर. एकच तुकडा ठेवून घेतलाय, मधला. तो एसेनच्या हाती मिळायचा नाही. न्यायला तू ये, आणि येताना निळे घेऊन ये.

शिंग जाडच होतं, शब्द मागे घेणार नाही. पण त्या भोकात तुझ्या जाड शिंगावाचून दुसरं काही बसत नाही.

तुझी जागा धरून बसलेली,
बुरुल्चा