भिंतीपलीकडची जांभळं

बाबा,

आज जामसांवलीच्या रस्त्यावरच्या नर्सरीत मी दोन रोपांसमोर बराच वेळ उभी होते आणि सगळा वेळ तुमच्यावर चिडत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी हा राग निवायला हवा होता. निवला नाही. सौंसरला आम्ही घर बांधलंय, फाटकाच्या आत एका झाडापुरती जागा आहे, आणि मला बारा महिने हिरवं राहील असं झाड हवं होतं. नर्सरीवाल्याने अशोक आणि जांभूळ, अशा दोन काळ्या पिशव्या पुढे आणून ठेवल्या. जांभळाचे तोटे त्याने न विचारता सांगितले. पसरतं, फळं पडून फरशी रंगते, पाखरं घाण करतात. मग अशोकाच्या शेंड्यावरून हात फिरवत म्हणाला, "हे घेऊन जा मॅडम. सरळ वर जाते. शेजाऱ्याची काही झंझट नाही." बाबा, हे तर तुमचे शब्द. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण मी त्याच्याकडे असं काही पाहिलं असेल की तो पुढचं बोलायचाच थांबला.

पांढुर्ण्याचा प्लॉट तुम्ही घेतलात तेव्हा त्यात जांभूळ आधीपासून उभं होतं. आईने प्लॉट पाहिलाच नाही, झाड पाहिलं. मी तेव्हा चौथीत असेन. घरावर टिनाचं छप्पर, उन्हाळ्यात आत बसवत नसे, आणि बाहेर ती एवढी मोठी गार सावली. मला अजून दिसते ती. आई सकाळच्या भाकरी उरकून शिलाई मशीन ओढत झाडाखाली आणते, मोहल्ल्यातल्या बायका ब्लाउजचं माप द्यायला येतात आणि माप देऊन झालं तरी उठत नाहीत. कोणी शेंगा सोलते, कोणी पोराला पाजते. तिच्या मोहगावच्या माहेरी दार उघडलं की थेट रस्ता. आपल्या अंगणात, आपल्या झाडाखाली बसणं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. "हे माहं दुकान हाय," असं ती बायकांना सांगायची, आणि सांगताना मशीनवरून हात काढून झाडाकडे दाखवायची.

त्या झाडाची एक मोठी फांदी पश्चिमेच्या भिंतीवरून पलीकडे गेली होती. पलीकडे ते काका राहायचे. संत्र्याच्या बागा, घरात देवधर्म मोठा, माणूस तसा गोड बोलणारा. त्यांची नात माझ्या वर्गात होती. मृगाच्या सुमारास जांभळं पिकली की निम्मी त्यांच्या अंगणात पडायची आणि ती पोरगी परकरात गोळा करून खायची. खाल्लेलं लपणार कसं? जीभ जांभळी. एके दिवशी तिच्या आजीने जीभ पाहिली. तिला चुळा भरायला लावल्या, डोक्यावरून आंघोळ घातली आणि अंगणातली सगळी जांभळं खराट्याने नालीत लोटली. हे सगळं तिनेच मला शाळेत सांगितलं, अगदी सहज, काल आमच्याकडे पाहुणे आले होते असं सांगावं तसं. "तुमच्या झाडाचं आम्हाले चालत नाही म्हणते आजी," ती म्हणाली. मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, आजीचा घसा बसतो म्हणून जांभूळ चालत नसेल.

त्या संध्याकाळी तुम्ही तिगावहून विजेची लाईन दुरुस्त करून आला होतात. खाकी शर्टाला घामाचे पांढरे डाग, खांद्यावर दोराची गुंडाळी. काकांनी भिंतीवरून हाक मारली. मी तुमच्या मागेच उभी होते, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो. ते म्हणाले, मनात काही आणू नको, तू आपला माणूस, पण आमच्या घरातलीचं सोवळं कडक आहे, आणि फळं नेमकी तुळशीपाशी पडतात. फांदी तेवढी पाहा. फांदी, बाबा. त्यांनी झाड नव्हतं मागितलं. आणि तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय काका तुमचं. मी पाहतो."

काय बरोबर होतं त्यांचं? हे विचारायला मी लहान होते, आणि विचारण्याएवढी झाले तेव्हा तुम्ही ऐकण्याच्या पलीकडे गेला होतात. तुमच्या घराच्या भिंतीला आंबेडकरांची तसबीर होती. दर जयंतीला तुम्ही तिला हार घालायचात, पांढराशुभ्र सदरा घालून मिरवणुकीत सगळ्यात पुढे चालायचात, आमच्याकडून भाषणं पाठ करून घ्यायचात. आणि भिंतीपाशी उभं राहून म्हणालात, बरोबर आहे तुमचं. वादळात खांबावर चढून त्याच काकांच्या घरचा दिवा कोण लावून द्यायचं? त्यांच्या देवघरातला बल्ब तुमच्या हाताने जोडलेल्या तारेवर जळायचा. त्या विजेला कोणी आंघोळ घातल्याचं मी पाहिलं नाही. हे एक वाक्य त्यांना ऐकवलं असतंत तर काय बिघडलं असतं? बदली झाली असती? मार बसला असता? की भीती दुसरीच कसली होती आणि ती आम्हाला सांगण्यासारखी नव्हती? सांगायचं ना मग. मी रागाऐवजी दुसरं काही तरी बाळगलं असतं.

रविवारी तुम्ही खात्यातला दोर आणि कुऱ्हाड घेऊन झाडावर चढलात. फांदी कापून उतराल असं आम्हाला वाटलं. तुम्ही वरून सुरुवात करून खालपर्यंत आलात. पिकलेल्या जांभळांसकट एकेक फांदी अंगणात पडत होती आणि मोहल्ल्यातली पोरं ओरडत, फ्रॉक-सदरे भरून घेत होती. त्यांच्यासाठी ती जत्रा होती. आई मशीनवर हात ठेवून उभी होती. तुम्ही तिला म्हणालात, तारेत येत होतं, आज ना उद्या कापाच लागलं असतं. ती वर पाहत म्हणाली, "तार कुठी हाय इथी?" तार खरंच नव्हती. तार रस्त्याच्या अंगाला, फाटकावरून जात होती, हे लाईनमनच्या बायकोला कळत नसेल का? तुम्ही कुऱ्हाड पुन्हा उचललीत. तिने मशीन आत नेलं. त्यानंतर ती बल्बखाली शिवायची, घाम काजात टपकू नये म्हणून कपाळाला फडकं बांधून. बायका माप देऊन लगेच जायच्या, कारण आत बसायला ना जागा ना हवा.

पाऊस सुरू झाल्यावर तुम्ही अशोक आणलात. सायकलच्या दांडीला बांधून, मोठ्या मानाने. "सम्राट अशोकाचं नाव हाय याले. आपल्या दारात हेच शोभते," असं म्हणत आम्हा सगळ्यांकडून एकेक तांब्या पाणी घालून घेतलंत. पुढे कॉलेजात शिकले तेव्हा कळलं की तो खरा अशोक नव्हेच, दिखाऊ म्हणून बंगल्यांपुढे लावतात ते झाड. पण ते राहू द्या, ती चूक आपल्या निम्म्या वस्तीने केली होती. माझा राग त्या झाडाच्या गुणांवर आहे, जे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. पसरत नाही. कोणाच्या अंगणात जात नाही. पानं गळाली तरी आपल्याच पायाशी. त्याची सावली काठीएवढी. आईने एकदा हौसेने मशीन तिच्यात मांडून पाहिलं, एक ब्लाउज होईपर्यंत सावली भिंतीवर चढून गेली होती. ना फळ, ना बसायला जागा, आणि पाखरूही त्यावर टेकून उडून जायचं. जांभळाशी त्याची बरोबरी करायची तर एवढीच, की दोघंही हिरवी.

आणि तो लावलात कुठे, तर फाटकाशी, बरोबर तारेखाली. जन्मभर लोकांच्या झाडांच्या फांद्या तारेतून काढणाऱ्या माणसाने. माझ्या दहावीच्या वर्षापर्यंत तो तारेला पोचला, आणि मग दर उन्हाळ्यात तुम्हीच शिडी लावून त्याचा शेंडा छाटायचात. सरळ वर जाणारं म्हणून आणलेलं झाड वर जाऊ दिलं नाहीत आणि पसरायचं त्याला माहीत नव्हतं. ते झाडूसारखं झालं. तुम्ही शिडीवर असताना काका रस्त्याने जाताना थांबायचे, झाड छान ठेवलंय म्हणायचे, आणि तुम्ही वरून हात जोडायचात. ते जोडलेले हात मला अजून सहन होत नाहीत. आई गेली तेव्हा तिची मापाची वही निघाली नाही, दागिना निघाला नाही, मशीन तेवढं निघालं. ते आता माझ्याकडे आहे.

तर बाबा, मी जांभूळ आणलं. नर्सरीवाल्याला ठासून सांगितलं, पसरू दे, फरशी रंगू दे, पाखरं येऊ देत. त्याने मान हलवली. दुपारी मी स्वतः कुदळ घेतली. हे पत्र तुम्हाला वाचून दाखवता आलं असतं तर इथेच थांबले असते, ताठ मानेने. पण ते कुठे पोचायचं नाही, आईच्या मशीनच्या खणात पडून राहणार आहे, तेव्हा उरलेलंही लिहून टाकते. खड्डा मी आधी भिंतीशी घेतला होता, दुपारभर सावली येईल अशा जागी. हातभर खणूनही झाला होता. मग तो बुजवला आणि दुसरा बराच आत, आमच्या पायऱ्यांना खेटून घेतला. झाड पुरतं वाढलं तरी त्याची फांदी भिंतीपलीकडे जाणार नाही.

आणि भिंतीपलीकडे अजून कोणी राहतच नाही, बाबा. प्लॉट रिकामा आहे.