नवसाची मॅडम

८ नोव्हेंबर, सकाळ
आज दुपारी गावदेवाची पूजा. आईला वाटतं, मी नागझिऱ्याच्या गाइडच्या परीक्षेत पास झालो तो तिने देवाला काळी कोंबडी बोलली म्हणून. मी अभ्यास केला होता. थोडा केला होता, पण केला होता.
नवसासाठी आणलेलं पिल्लू आता चांगलं मोठं झालं आहे. चालण्याच्या ऐटीमुळे मी तिला मॅडम म्हणतो. जीव वगैरे लावलेला नाही. रोज वाघाच्या जंगलात जाणारा माणूस कोंबडीत अडकत नसतो.
आमच्याकडे रीत अशी: देवापुढे कोंबडीला तांदूळ टाकायचे. टिपले तर देवाला ती हवी आहे. नाही टिपले तर कोंबडी परत घरी. म्हणून सकाळपासून मॅडमला वाळवी चारतोय. अख्खं वारूळ फोडलं. आता तिच्या पोटात एक दाणा जाणार नाही. याला म्हणतात प्लॅनिंग.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
शंभर टक्के यश. आमचे भुमका, म्हणजे पूजा करणारे सुकरामकाका, तांदूळ टाकून वाट बघत बसले. मॅडम तांदळावर पाय देऊन उभी राहिली आणि मान फिरवली. काका म्हणाले, "देवाची मर्जी नाही बाबू. पुढच्या पुजेले पाहू." मी चेहरा पाडला. अभिनय उत्तम झाला.
येताना रीना म्हणाली, "तुमच्या शर्टाले वाळवी कायले लागली आहे?" बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

१० नोव्हेंबर
मॅडमवर हल्ला. पाय मोडला, पाठ फाटली. अंगणातल्या खुणा तपासल्या. बिबट्या. तयार नजरेला लगेच कळतं.
रीनाने शेजारच्या मंगरूचं कुत्रं दाखवलं. तोंडाला काळी पिसं लावून निवांत बसलं होतं. तरीही बिबट्याची शक्यता मी नाकारत नाही.
एक गोष्ट मात्र झकास झाली. लंगडं जनावर देवाला चालत नाही. म्हणजे मॅडम नवसातून कायमची बाद! तेल-हळद लावली, बांबूची कमची बांधली. आठवड्यात पळायला लागेल.

११ नोव्हेंबर
काही खात नाही. काळजीचं कारण नाही. जखमी वाघीणही दोन-दोन दिवस खात नाही, पर्यटकांना मी हेच सांगतो. ते मान डोलावतात.
आईने मान डोलावली नाही.

१२ नोव्हेंबर
मॅडमला टोपलीत घालून मोटरसायकलवर गुरांच्या दवाखान्यात नेलं. जखमेला वास येतोय. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, ये नहीं बचेगी. नयी ले लो." मी म्हटलं, इंजेक्शन द्या. म्हणाले, "मुर्गी है भाऊ." मी म्हटलं, माहीत आहे, इंजेक्शन द्या. दिलं.
ऑफिसला फोन करून ताप आहे म्हणून कळवलं. ताप कोणाला आहे ते सांगितलं नाही. म्हणजे खोटं बोललो असं होत नाही.

१३ नोव्हेंबर
वाळवी ठेवली. कणकी, म्हणजे तांदळाची चुरी, ठेवली. चोरखमाऱ्याच्या तलावातले झिंगे ठेवले. भाताचं शीत बोटावर घेऊन चोचीपाशी धरलं. ती माझ्याकडे बघते आणि डोळे मिटते. चोच उघडून पाणी सोडलं, ते माझ्याच मांडीवर सांडलं.
आई बघत होती. म्हणाली, "देवापुढं नाही टिपलं तिनं. तुज्यापुढं कायले टिपीन रे?"
तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. तिची भूक देवानेच काढून घेतली तर नाही? माझ्यामुळे? मी असलं काही मानत नाही. उद्या सुकरामकाकांना घरी बोलावणार. सहज, चहाला.

१४ नोव्हेंबर
काका आले. चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मला नवस बोलायचा आहे. मॅडम बरी झाली तर देवाला एक कोंबडी देईन.
काकांनी उचललेला कप खाली ठेवला. "कोंबडीसाठी कोंबडी बोलून राहिला का तू?"
हो म्हटलं.
"कोनती?"
घरी एकच आहे. म्हटलं, बाजारातून आणतो. गावठी. दोन आणतो. बकरा देतो. काकांनी हात वर केला म्हणून थांबलो, नाहीतर सफारीची जिप्सीही बोलून बसलो असतो.
काकांनी तळहातावर तांदूळ घेतले. मॅडम माझ्या मांडीवर होती. तिने मान लांब केली आणि एक दाणा टिपला. मग आणखी एक. मी ओरडलोच. खाल्लं! रीना, ये, खाल्लं तिनं!
रीना आली. आईने हात जोडले होते. काका म्हणाले, "लंगडी आहे, तरी घेतली देवानं."
मग मला समजलं. म्हटलं, काका, हे धरू नका. चार दिवस उपाशी आहे ती. ही नुसती भूक आहे.
आई म्हणाली, "आनि पुजेच्या दिवशी नुसतं पोट भरून होतं, नाही का बाबू?"
म्हणजे आईला माहीत होतं. माहीत असूनही काही बोलली नव्हती. मॅडमच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे तिले आता. धरून नोको ठेवू."
मी तिथून उठलो नाही.

१५ नोव्हेंबर
सकाळी गेली. मांडीवरच. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. नुसतं "मॅडम" म्हणालो. आंब्याखाली पुरली. खड्डा रीनाने खणला. माझ्याच्याने होईना.
आई म्हणते, तिने बोललेला नवस फिटला. माझा तर लागूच झाला नाही. म्हणजे देवाचं काही देणं नाही. मी मोकळा.
संध्याकाळी कणकीची मूठ घेऊन अंगणात गेलो आणि ती-ती-ती करून हाकही मारली. रीना आतून म्हणाली, "टाका, चिमण्या खातीन."
टाकली नाही. मला चिमण्या नको होत्या. मला मॅडम पाहिजे होती. कणकी परत डब्यात ओतली आणि झाकण लावलं.