मु. पो. थॉर्नटन

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१४ ऑक्टोबर २००६

ती. दादांना,
धाकट्या पुरुषोत्तमचा वाकून नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नका. गुडघा धरला होता हे खरं, पण धीर होत नव्हता हे जास्त खरं. निधीच्या लग्नाचं सांगितलं तेव्हा तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "मुलाचं मूळ गाव कुठलं? ते कळल्याशिवाय पत्रिका भैरोबापुढे ठेवणार नाही." मी ऐकू येत नसल्यासारखं केलं.

मुलगा गुणी आहे. आमटीभात हातानं खातो, माझ्या पावलानं चालतो. त्याचे वडील जेवायला आले तेव्हा मी विचारलंच, गाव कुठलं?

"ओहायो."

"त्याआधी?"

"ओहायोच."

निधी कुजबुजली, "आजोबा, स्टॉप! असं नाही विचारत कुणाला."

आता लिहितोच. मुलाचं नाव नेथन थॉर्नटन. आपल्यातला नाही, इथलाच आहे.

पण त्याच्या वडिलांना माझा प्रश्न लागून राहिला. लायब्ररीत बसून शोधलं आणि पुढच्या रविवारी सांगायला आले. आपल्या गिरीशनं मला मराठीत सांगितलं. थॉर्नटन हे इंग्लंडातल्या गावावरून पडलेलं आडनाव. जुन्या इंग्रजीत अर्थ, काटेरी झाडांजवळची वस्ती. त्या नावाची गावं तिकडे पुष्कळ, यांचं नेमकं कुठलं ते सापडलं नाही. गाव सुटलं, नाव मात्र त्यांनी सोडलं नाही.

मी म्हटलं, "गिरीश, सांग त्यांना. हे तर आपलं बाभूळगावच!"

ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "म्हणजे आपण एकाच गावचे!"

मला मात्र भलतीच काळजी लागली. एक गाव, एक आडनाव, म्हणजे भावकी. भावकीत सोयरीक कशी करायची? मला अन्न गोड लागेना. शेवटी गिरीशला बोललो, तर तो हसून लोळला. "बाबा, मध्ये अख्खा समुद्र आहे!"

दादा, निधीनं बाभूळगाव एकदाच पाहिलं, तेही तापानं पडून. पण ती नेथनला म्हणाली, "तुझं गाव तुझ्याकडे, माझं माझ्याकडे. मी बाभुळगावकरच राहणार." तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

पत्रिका सोबत आहे. मुलाच्या नावाखाली छापायचं राहिलं, ते मी पेनानं लिहिलंय: मु. पो. थॉर्नटन. अक्षर वाकडं आहे, पण गाव खरं आहे. तुमच्याच हातानं देवापुढे ठेवा आणि ठेवल्याचं लगेच कळवा. टपालाची गाडी येते तेव्हा मी दारातच उभा असतो.

तुमचा धाकटा,
पुरुषोत्तम बाभुळगावकर